पौष्टिक खाण्याची आवड आहे, नोकरी सोडून फूड ब्लॉगिंग करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २९, आयटीत नोकरी, दोन वर्षांपासून साखर आणि मैदा बंद, डबा उघडला की ऑफिसातल्या मैत्रिणी रेसिपी मागतात. आता पूर्णवेळ यात उतरावं का आणि पैसे किती मिळतात, हा तुमचा प्रश्न. पैशांचं खाली सांगते. पण मध्येच तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: "मी सगळं गोड गुळात करते, त्यामुळे माझ्या रेसिपी डायबेटिक लोकांनाही चालतील." ते वाचलं आणि मळत असलेली कणीक झाकून ठेवून लिहायला बसले.

कारण हेच वाक्य २०१९ च्या जानेवारीत मी लिहिलं होतं. शब्दही जवळजवळ हेच.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. आमच्याकडच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही लहान असताना ती फक्त ज्वारी होती. सकाळी कण्या, पावसाळ्यात हुलग्याचं माडगं, दोन्ही वेळेला भाकरी आणि शेंगांची चटणी. याला पौष्टिक म्हणतात हे मला पुण्यात लग्न होऊन आल्यावर कळलं, तेव्हा लोक किन्वा नावाचं परदेशी धान्य ज्वारीच्या कितीतरी पट भावाने आणून खात होते. त्याचा राग आला आणि २०१४ मध्ये थोरल्या बहिणीबरोबर ब्लॉग सुरू केला. ताई फोटो काढायची, मी लिहायचे. सुरुवातीची काही वर्षं रुपया मिळाला नाही. पुढे मराठी ब्लॉगवर जाहिराती लावता यायला लागल्या आणि थोडं काही येऊ लागलं. सगळ्यात जास्त चालली ती आमची संक्रांतीची पोस्ट, तिळगुळाचे लाडू.

रेसिपी चांगलीच होती, आजही आहे. पाव किलो गावठी तीळ, पॉलिश न केलेले. पाव किलो चिक्कीचा गूळ. शंभर ग्रॅम दाण्याचं कूट. गुळाचा गोळीबंद पाक, वर चमचाभर तूप, हाताला पाणी लावून गरम असतानाच वळायचे. एवढ्यात चोवीस लाडू होतात. शेवटी मी लिहिलं होतं: "यात साखर अजिबात नाही, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनीही बिनधास्त खावेत." हे मला कुठून कळलं होतं? कुठूनच नाही. सगळेच म्हणायचे. गूळ म्हणजे लोह, गूळ म्हणजे उष्णता, गूळ म्हणजे आपलं.

पंढरपूरला माझे मामा असतात. एसटीतून निवृत्त झालेले, शुगरची गोळी चौदा वर्षांपासून चालू. भाचीचा ब्लॉग म्हणून त्यांना इतका अभिमान की त्यांनी ती पोस्ट झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. त्या दिवाळीपासून चहातली साखर त्यांनी सोडली आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन लाडू सुरू केले. मामी दर आठवड्याला करून डब्यात भरायच्या. मला यातलं काही माहीत नव्हतं. संक्रांतीला फोनवर मामा एवढंच म्हणाले, "तुझे लाडू रोज खातो बरं का." मी हरखून गेले होते.

२०२० च्या फेब्रुवारीत नवी चप्पल लागून त्यांच्या अंगठ्याजवळ जखम झाली. ती भरेना. सोलापूरला नेलं तेव्हा शुगर ३८६. नऊ दिवस ते दवाखान्यात होते आणि पहिले चार दिवस अंगठा राहतो की जातो हेच कुणी सांगेना. राहिला. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं तेव्हा मामींनी लाडवांचं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पण ते गुळाचे आहेत, साखर नाही त्यात." डॉक्टर रागावले नाहीत. जखम लाडवांनी झालेली नाही, ती चप्पलने झाली, पण एवढ्या शुगरमध्ये ती भरणार कशी, एवढंच बोलले. त्या वेळी मी शेजारीच उभी होते.

मामांचे कपडे आणायला मी पंढरपूरच्या घरी गेले तेव्हा तो कागद दिसला. तेलाचे डाग पडलेले, कडा दुमडलेल्या. मामांनी माझ्या त्या वाक्याखाली निळ्या पेनने रेघ ओढली होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब केला, जो वर्षभर आधी करायला हवा होता. पाव किलो गूळ भागिले चोवीस, म्हणजे लाडवात दहा ग्रॅमांहून थोडा जास्त. चार लाडू, बेचाळीस ग्रॅम. गुळात पाणी आणि थोडी खनिजं सोडली तर बाकी बहुतेक साखरच असते, म्हणजे चहाच्या चमच्याने रोज सात चमचे. मामा चहातून एवढी साखर कधीच घेत नव्हते. शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात साडेतीनशेच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि त्या साखरेत मध, काकवी, गूळ सगळं मोजायचं असतं.

आता ताईचं आणि माझं कुठे फाटलं ते सांगते, कारण तुम्हालाही कधी ना कधी हा निर्णय घ्यावा लागेल. ताई म्हणाली, पोस्ट उडव, कुणाला कळायच्या आत. मी म्हटलं, उडवायची नाही. ते वाक्य खोडलेलं दिसेल असं तसंच ठेवायचं आणि सगळ्यात वर लिहायचं की हे चूक होतं, का चूक होतं, आणि एका लाडवात गूळ किती आहे. ताईचं म्हणणं, असं लिहिलंस तर बाकीच्या दोनशे पोस्टवर कोण विश्वास ठेवील? सहा वर्षांची मेहनत आहे. मी तिला तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, नुसती रडले. आज देते.

रेसिपीची पोस्ट बातमीसारखी एकदा वाचून कुणी सोडून देत नाही. बायका लिंक जपून ठेवतात आणि दर संक्रांतीला पाकाचं प्रमाण बघायला परत येतात. चूक वाचलेल्या माणसापर्यंत पोहोचायचा तो एकच रस्ता आपल्याकडे असतो. पोस्ट उडवली की तो रस्ता बंद. माणसाला वाटतं लिंक बिघडली असेल, आणि "गुळाचे आहेत, चालतात" हे त्याच्या डोक्यात तसंच राहतं. ते कुणाला तरी सांगितलंही जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला मजकूर आणि खिळ्याला अडकवलेला कागद आपल्याला उडवता येत नाही, निदान ज्या पानावर आपला हात पोहोचतो तिथे तरी खरं लिहायचं. ताईला आपलं नाव वाचवायचं होतं. मला वाटतं नाव असं वाचत नाही, आणि वाचलं तरी ते मामांच्या अंगठ्यापेक्षा मोठं नव्हतं.

मी दुरुस्ती लावली. खूप बोलणी खाल्ली, ताई म्हणाली होती तशीच. गुळाची पावडर विकणारा एक उत्पादक आमच्या पोस्टसाठी पैसे द्यायचा. त्याने सांगितलं, दुरुस्ती काढा नाहीतर पैसे बंद. ते बंद झाले. वर्षाच्या कमाईतला जवळजवळ निम्मा भाग त्या एका पोस्टचा होता, तो गेला. ताई वेगळी झाली. आज तिचं स्वतःचं इन्स्टाग्राम पेज आहे, माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठं, आणि तिथे "शुगर फ्री" म्हणून खजुराचे लाडू दिसतात. खजुरात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमांहून जास्त साखर असते. खजूर चांगला आहे, मीही खाते, पण त्याला शुगर फ्री म्हणणं हे खोटं आहे, आणि हे मी ताईला तोंडावर सांगितलेलं आहे.

तेव्हा तुम्ही ब्लॉग काढणार असाल तर कॅमेऱ्याआधी दीड-दोन हजाराच्या आतला डिजिटल वजनकाटा घ्या. वाटी-चमच्यात रेसिपी सांगा, पण वजन करून ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ आहेत, नाचणीपासून राजगिऱ्यापर्यंत. ते उघडून बसायची सवय लावा. आणि शंभर ग्रॅमचा आकडा तसाच उचलून टाकू नका, एका माणसाच्या ताटातला आकडा द्या. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे हे सगळे लिहितात. पण आपण मुलाला सत्त्वाची लापशी करतो ती चमचा-दोन चमचे पिठाची, म्हणजे वीस ग्रॅम. तिथे सत्तर मिलिग्रॅम येतं. तेही चांगलंच आहे, पण सत्तर म्हणून लिहा. ज्वारीचंही तसंच. मंगळवेढ्याची असून सांगते, ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅमला अडुसष्टच्या आसपास कर्बोदकं असतात. भाकरी भरपूर चोथा देते, पण शुगर आहे म्हणून तीनच्या जागी पाच भाकऱ्या खाल्ल्या तर व्हायचं ते होणारच.

कायद्याचं थोडक्यात. पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं तर "जाहिरात" असं ठळक सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी सरकारच्या वेगळ्या सूचना आल्या: पदवी असेल तर ती सांगा, नसेल तर हा वैद्यकीय सल्ला नाही हे स्पष्ट करा. मला विचाराल तर पदवी नसताना कुठल्याही आजाराचं नाव रेसिपीला जोडूच नये. "डायबेटिक स्पेशल", "थायरॉइडसाठी", "पीसीओडी लाडू", यातलं काहीच नको. यामुळे वाचक कमी येतात, हे मला माहीत आहे.

आता पैसे. ब्लॉगवर जाहिराती लावल्यानंतरही पहिली रक्कम हातात यायला दीड वर्ष लागलं, कारण शंभर डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही आणि मराठी वाचकामागे इंग्रजीपेक्षा बरंच कमी मिळतं. यूट्यूबवर जाहिरातीच्या कमाईसाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, शॉर्ट्सचं गणित वेगळं. माझे आज महिन्याला सरासरी बावीस-पंचवीस हजार होतात, तेही जाहिराती, भरडधान्यांच्या कार्यशाळा आणि एका दिवाळी अंकाचं मानधन सगळं धरून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा कार्यशाळांना रांग लागली होती, आता तेवढी नाही. म्हणून नोकरी सोडू नका. शनिवार-रविवार करून दोन वर्षं बघा. आणि माझं चाललंय ते घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो म्हणून, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

अजून एक राहिलं. वरचं वाचून कुणी गूळ टाकून देऊ नका. धडधाकट माणसाने संक्रांतीला तिळगूळ जरूर खावा, तिळात कॅल्शियम नाचणीहूनही कितीतरी जास्त आहे. मामाही संक्रांतीला एक खातात, डॉक्टरांना विचारून. आणि व्हिडिओचं मला फारसं कळत नाही, ते दुसऱ्या कुणाला विचारा.

तुमच्या गुळाच्या रेसिपींची वजनं इथेच खाली लिहिलीत तर मी तक्त्यातून आकडे काढून देईन. किती नग झाले तेही लिहा, त्याशिवाय भागाकार होत नाही.