पीसीपी रायफलची हवा रात्रीत उतरते, बेळगावात कोण दुरुस्त करून देईल?

तुम्ही लिहिलंय की दहा मीटरची मॅच रायफल (पीसीपी, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेनं छर्रा सोडणारी) संध्याकाळी २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरून ठेवली की सकाळी काटा १५० वर असतो, क्लबमधले म्हणतात "एवढं चालतंच", आणि बेळगावात दुरुस्त कोण करतं ते तुम्हाला हवंय.

ते "एवढं चालतंच" वाचलं आणि लिहायला बसलो. अजिबात चालत नाही. धडधाकट रायफल आठवडाभर पेटीत राहिली तरी काटा जागचा हलू नये. भरताना हवा तापते आणि निवल्यावर थोडी उतरते, ते मान्य. दुपारी ३५ अंशाला २०० भरलं आणि पहाटे २० अंश झालं तर दहाएक बार नुसत्या थंडीनं कमी दिसतील. पन्नास नव्हे. तुमच्याकडे कुठंतरी सील गेलंय, आणि ते शोधलं की सापडतं.

माझी भाची खानापूरला असते. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं, राधानगरीकडचा पोरगा, म्हणजे आमच्यापासून काही फार लांबचा नव्हे. तेव्हापासून हिनं रायफलचं मनावर घेतलं. बहिणीनं बांगड्या मोडून सेकंडहँड जर्मन रायफल घेऊन दिली. पहिल्या उन्हाळ्यात पोरगी झकास खेळली. पावसाळा सुरू झाला आणि स्कोअर घसरायला लागला. क्लबातल्या कोच सरांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, "हिचं मन लागत नाही. घरी मोबाईल काढून घ्या." बहिणीनं खरंच काढून घेतला. हवा उतरते म्हणून पोरीनं स्वतः सांगितलं होतं, तर उत्तर तेच, "एवढं चालतंच. कारणं सांगू नको."

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात आहे. सील, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), व्हॉल्व्ह हेच माझं रोजचं. रायफल मला कळत नव्हती, पण लीकेज कळतं. भाचीनं सरावाचे कागद जपून ठेवले होते, ते जेवणाच्या टेबलावर मांडले. एकेका कागदावर दहा-दहा भोकं, आणि सगळी एकाखाली एक, उभ्या रेषेत. डाव्या-उजव्या अंगाला काहीच पसारा नाही. ज्याचं मन थाऱ्यावर नाही, ज्याचा हात हलतो, त्याचे छर्रे फक्त वर-खालीच कसे जातील? चारी बाजूंना जायला नकोत?

हिशेब साधा आहे. प्रेशर बदललं की छर्ऱ्याचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की भोक वर-खाली जातं. छर्रा सेकंदाला १७० मीटरनं सुटला तर दहा मीटरवर पोचेपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. १८० नं सुटला तर १५. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण दहाचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा आणि एकेक रिंग अडीच मिलिमीटरची. दशांशाच्या स्कोअरिंगमध्ये दर शॉटला सात-आठ दशांश असेच जातात. साठ शॉटच्या मॅचमध्ये पोरगी काय करणार?

आता लीकेज कसं धरायचं ते. मॅच रायफलचा सिलिंडर हातानं फिरवून सुटा होतो आणि गेज बहुतेक त्याच्यावरच असतं. रात्री भरा, निवू द्या, रीडिंग लिहा आणि सिलिंडर काढून वेगळा ठेवा. सकाळी काटा तिथंच असेल तर दोष रायफलीत. उतरला असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या बुडाशी. एवढ्या एका रात्रीत अर्धं काम होतं आणि पाना हातात धरावा लागत नाही. दोष रायफलीत निघाला तर सिलिंडर लावून, बोल्ट बंद करून नळीच्या तोंडाला फुगा बांधा. फुगा फुगला तर फायरिंग व्हॉल्व्हची (ट्रिगर ओढल्यावर हवा सोडणाऱ्या झडपेची) बैठक गेली. नाही फुगला तर स्टॉक काढून सांध्यांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसला की कोरडं पुसून घ्या. रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरचं प्रेशर उतरवून दर शॉटला सारखं देणाऱ्या भागाला, बारीक भोक असतं, ते विसरू नका. तिथून मुळीच हवा येता कामा नये.

भाचीच्या रायफलीत तिथूनच येत होती. रेग्युलेटर उघडला तर पिस्टनच्या छोट्या ओ-रिंगवर चीर, नखाची खूण उमटावी एवढीशी. खिडकीशी भिंग धरल्यावर दिसली. त्या चिरेतून हवा बशीसारख्या खोलगट, स्प्रिंगचं काम करणाऱ्या वायसरच्या थराकडे जात होती आणि भोकातून बाहेर. त्यात पावसाळाभर हातपंपानं भरलेली खानापूरची ओली हवा, पंपाला फिल्टर नाही. वायसर तांबूस गंजलेले. मग पिस्टन कधी अडकायचा, कधी सुटायचा, आणि प्रत्येक शॉटला प्रेशर वेगळं. हवा उतरणं आणि स्कोअर उतरणं, दोन्हीचं मूळ एकच.

ओ-रिंग आमच्याकडे कुठल्याही हायड्रॉलिक स्पेअरच्या दुकानात मिळते, उद्यमबागेत, मच्छ्याला. पण जुनी रिंग दाखवून "अशीच द्या" म्हणू नका. जुनी चपटलेली किंवा फुगलेली असते. ज्या खाचेत बसते ती व्हर्नियरनं मोजा. जर्मन मालात जाडी १.५ मिलिमीटरची असू शकते आणि दुकानदार हाताला लागली म्हणून १.७८ ची देतो, मग पिस्टन जाम. रबर नायट्राइल चालतं, पण एवढ्या प्रेशरच्या जागी ९० शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मागा. ७० चं मऊ पडतं, सांध्याच्या फटीत चेपून कुरतडलं जातं. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, बस्स. वायसर मात्र कंपनीचेच मागवा, आणि जुने काढण्याआधी कुठला कसा पालथा-उलथा बसलाय त्याचा फोटो काढून ठेवा.

टेफ्लॉन टेप लावणाऱ्या माणसाकडून रायफल परत घ्या. इथं आटे हवा अडवत नाहीत, रिंग अडवते. टेपचा धागा सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसला की नवीन लीकेज. आणखी आवळूनही काही होत नाही, आटे तेवढे जातात.

नवीन रिंग, नवीन वायसर बसवल्यावर सिलिंडर रात्रभर जसाच्या तसा राहिला आणि भाचीच्या कागदावरची भोकं एका जागी आली. मी ते कागद सरांना नेऊन दाखवले. "बरं झालं" म्हणाले, दुसऱ्या पोराकडे वळले. पोरांसमोर बोललेलं पोरांसमोर मागं घेतलं नाही. मला ते आजही सलतं. कुठल्याही कोचनं पोराच्या मनाची तपासणी करायच्या आधी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, छर्ऱ्याचा वेग बघावा. रायफलीच्या किमतीपुढं क्रोनोग्राफ काहीच नाही, आणि प्रत्येक क्लबात तो असायलाच हवा. पोर सांगतंय की हवा उतरते, तर आधी हवा बघा. तुमच्या घरात कुणी पोर खेळत असेल आणि क्लबवाले त्यालाच बोल लावत असतील, तर हे उत्तर त्यांना दाखवा.

दुरुस्तीला कोण, याचं उत्तर राहिलंच. मी कुणाचं नाव घेणार नाही. रेग्युलेटरचं काम पूर्वी केलेला माणूस नसेल तर कंपनीच्या अधिकृत डीलरकडे कुरिअर करा, वेळ जाईल पण चालेल. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला मात्र घरी हात लावू नका, मी हायड्रॉलिकवाला असूनही लावत नाही. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपनीनं दिलेली मुदत संपली असेल तर दुरुस्ती नाही, तो बदलायचा. स्पर्धेतही मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: उघडण्याआधी सिलिंडर काढा आणि सुरक्षित दिशेला रिकामे फायर करून आत उरलेली हवा संपवा. २०० बारवर सुटलेला स्क्रू डोळा घेऊन जातो, चष्मा लावा. साधं तेल, डब्ल्यूडी-४० आत जाऊ देऊ नका. दाबानं तापलेल्या हवेत तेल पेट घेतं. आपल्याकडे वेल्डिंगच्या शेडमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर उभेच असतात, कुणीतरी म्हणेल "त्यातूनच भर की". ऑक्सिजन रायफलीत कधीही भरू नका, ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. फक्त कोरडी हवा, फिल्टर लावलेल्या पंपानं किंवा डायव्हिंगच्या सिलिंडरमधून, हळूहळू.

आज रात्री सिलिंडर सुटा ठेवून बघा आणि सकाळचं रीडिंग इथंच खाली लिहा. कुठल्या बाजूला शोधायचं ते मग सांगता येईल.