चौकशीच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलीस

चिरंजीविनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र मिळाले आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईचा फोनही आला. मी तुला या नादातून बाहेर काढावे असे तिला वाटते, आणि मी तुला एखाद्या एजन्सीत चिकटवून द्यावे असे तुला वाटते. या पत्राने दोघींचेही पुरते समाधान होणार नाही. मी २००१ पासून पुण्यात राहून हे काम करते आहे, आणि तू खाजगी गुप्तहेर व्हावेस की नाही यापेक्षा, व्हायचेच असेल तर डोक्यात काय घेऊन यावेस, एवढेच मला सांगता येईल.

तू बहिर्जी नाईकांचा दाखला दिला आहेस. बहिर्जींच्या पाठीशी छत्रपती होते, राज्य होते. आपल्या पाठीशी कोणीही नाही, हे पहिल्या दिवसापासून मनात पक्के असू दे. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला कायद्याने जेवढे अधिकार आहेत तेवढेच खाजगी गुप्तहेराला आहेत. आपण कोणाला अडवून प्रश्न विचारू शकत नाही, कोणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही, बँकेकडून किंवा मोबाइल कंपनीकडून कागद मागू शकत नाही. या व्यवसायासाठी परवाना देणारा कायदाच आपल्या देशात नाही. २००७ साली राज्यसभेत खाजगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही; आणि २००५ चा जो कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांचा आहे. म्हणून ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ बनवून देणारा कोणताही अभ्यासक्रम दिसला की त्या माणसाला ते सरकार कोणते, एवढे विचार. एजन्सी काढायची तर इतर कोणत्याही कार्यालयासारखी दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, ज्याला मुंबईत अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात, ती करायची आणि कर भरायचा. ओळखपत्रावर तीन सिंह छापून घेण्याचा मोह अनेकांना होतो. राजमुद्रेचा असा वापर करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि पोलीस किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते सांगते, कारण तुझ्या पत्रात खून फार आहेत. खुनाचा तपास पोलीस करतात. आमच्याकडे येतात ती विम्याच्या दाव्यांची प्रकरणे, हिंजवडीतल्या कंपन्यांना हव्या असलेल्या उमेदवारांच्या पडताळण्या, नकली मालाची गोदामे, आणि घरगुती बाबी. पूर्वी सोयरीक जुळवताना मामा किंवा आत्याचे यजमान मुलाच्या गावी जाऊन, पारावर बसून चौकशी करून येत. मुलगा आता बंगळूरला किंवा टोरंटोला राहतो आणि मामाला त्याचा शेजारी कोण हेही माहीत नसते, म्हणून ती चौकशी आमच्याकडे आली. पोटगीच्या दाव्यांतही काम असते. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालाने पतिपत्नी दोघांनाही आपल्या मालमत्तेचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, आणि त्या प्रतिज्ञापत्रात जे लिहिले नाही ते बहुतेक वेळा कुठेतरी उघड्यावरच पडलेले असते: सातबाऱ्यावर, फेरफार नोंदीत, नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये, कंपनीच्या संचालकांच्या यादीत, न्यायालयांच्या संकेतस्थळावरच्या जुन्या दाव्यांत. नवऱ्याने नोकरी सुटल्याचे सांगितले आणि त्याच महिन्यात भावाच्या नावाने सदनिका घेतली, ही गोष्ट मी खुर्चीवरून न उठता शोधलेली आहे. भावाने ती स्वतःच्या पैशानेही घेतली असेल, हे मात्र मी अहवालात लिहिले.

ही शेवटची ओळ लिहायला मी कशी शिकले ते सविस्तर सांगते, कारण तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा प्रसंग आहे. आयुर्विम्याची पॉलिसी काही वर्षे जुनी झाली की आजार लपवल्याच्या कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. तेव्हा ही मुदत साधारण दोन वर्षांची होती, आता विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांची आहे. त्यामुळे मुदतीच्या आत मृत्यू झाला की दाव्याची चौकशी होते. २००३ साली शिरूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मृत्यूचा दावा माझ्याकडे आला. तालुक्याच्या रुग्णालयात मला एक केस पेपर सापडला. नाव तेच, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेच, आडनाव तेच, गाव तेच. आणि पॉलिसी घेण्याच्या आधी एक वर्ष क्षयरोगाचे उपचार सुरू झाल्याची नोंद. मी आनंदाने परतीची एसटी पकडली आणि ‘मृताने आजार लपवला’ असा अहवाल रात्रीच लिहून ठेवला. सकाळी तो पाठवण्याआधी एक आकडा खटकला. केस पेपरवरचे वय पॉलिसीतल्या वयापेक्षा चार वर्षांनी कमी होते. सरकारी रुग्णालयात वय अंदाजाने लिहितात हे मला माहीत होते, आणि तसे मी स्वतःला सांगूनही पाहिले. तरी परत गेले. गावाबाहेरच्या मळ्यात त्याच नावाचा चुलतभाऊ शेळ्या सोडत होता. क्षय त्याला झाला होता, उपचारांनी बराही झाला होता, आणि आदल्या रात्री मी त्याला कागदावर मारून त्याच्या भावजयीचे पैसे बुडवायला निघाले होते. त्याने मला चहा पाजला.

त्या दिवसापासून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असते. डाव्या बाजूला मी पाहिलेले आणि ऐकलेले, वेळेसह. उजव्या बाजूला त्यावरून मला वाटलेले. अहवालात डावी बाजू जाते. ‘सदर इसम प्रेयसीला भेटला’ असे वाक्य माझ्या कार्यालयातून बाहेर पडत नाही. ‘६ वाजून ४० मिनिटांनी सदर इसम एका स्त्रीसह दुकानातून बाहेर आला व दोघे पांढऱ्या मोटारीत बसले’ असे पडते. ती त्याची बहीण निघू शकते, आणि एकदा निघालीही आहे. या धंद्यातला निम्मा वेळ लिहिण्यात जातो, हे कोणी सांगत नाही. तुझे मराठी चांगले आहे, म्हणून तर हे पत्र एवढे लांबते आहे.

डाव्या बाजूचे महत्त्व न्यायालयात कळते. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणापर्यंत येऊन ठेपला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जुलै २०२० च्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर’ निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत, कलम ६३ साठी, या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे एक ठिपका बदलला तरी बदलणारी तिची गणिती खूण, नोंदवावी लागते. तू काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवरून अशिलाला पाठवलास की तो आकसतो आणि त्याची खूण बदलते. म्हणून मूळ कार्ड काढून पाकिटात ठेवायचे, पाकिटावर तारीख आणि सही करायची, आणि काम प्रतीवरच करायचे.

पाळतीबद्दल तू सर्वांत जास्त विचारले आहेस आणि मला सर्वांत कमी सांगायचे आहे. पाळत म्हणजे कोथरूडच्या एखाद्या सोसायटीसमोर सात तास काहीही न घडणे. माणूस सिग्नलला हातून सुटला तर सुटू द्यावा, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मिळतो. एकदा त्याने तुला ओळखले की मात्र प्रकरण संपले. एकटीने करू नये, दुचाकी दोन असाव्यात, आणि सोसायटीच्या वॉचमनला खोट्या कथा सांगू नयेत, कारण त्याची स्मरणशक्ती तुझ्यापेक्षा चांगली असते. स्त्रीला या कामात एक मोठी सोय आहे, जिन्यात उभ्या राहिलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही. आणि एक मोठी गैरसोय आहे, ती म्हणजे स्वच्छतागृह. जागा ठरवताना मी आधी तेच शोधते. पुरुष सहकाऱ्यांना हे समजावण्यात माझी बरीच वर्षे गेली.

कोणत्या कामांना हात लावू नयेस हे मात्र नीट वाच. अशील सर्वांत आधी कॉलच्या नोंदी मागतो. २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा आमच्या धंद्यात अनेकांची झोप उडाली होती. दुसऱ्याच्या फोनमध्ये लपवून सॉफ्टवेअर घालणे, ईमेल उघडणे, बेडरूममध्ये कॅमेरा बसवणे हे सगळे गुन्हे आहेत, मग फोन अशिलाच्या बायकोचा असला तरी. हल्ली शिकलेले अशील जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतात, ज्यात पतिपत्नीमधल्या गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणाचा पुरावा वैवाहिक दाव्यात ग्राह्य धरला गेला. तो निकाल नवराबायकोने आपसातल्या संभाषणाबद्दल आणलेल्या पुराव्याचा आहे. तिसऱ्या माणसाने घरात यंत्र लावून यावे अशी परवानगी त्यात कुठेही नाही. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर नजर ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाच्या गुन्ह्यात येते. गुन्ह्याच्या तपासासाठी म्हणून त्यात जी सूट आहे ती राज्याने ती जबाबदारी सोपवलेल्या माणसाला आहे, अशिलाने पैसे दिलेल्याला नाही. ते कलम पुरुषाबद्दल बोलते म्हणून मी सुटेन, असला वकिली विचार मनात आणू नकोस. तुला काम देणारा आणि तुझ्याबरोबर दुचाकीवर असणारा बहुधा पुरुषच असेल, आणि त्याच्या गुन्ह्यात मदत केल्याचा ठपका तुझ्यावर येईल.

याहून अवघड प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घर सोडून गेली होती, आईने अन्नपाणी टाकले होते, पत्ता तेवढा हवा होता. बोलताना त्यांचे डोळे भरून येत होते आणि ते नाटक नव्हते. मी मुलीचा फोटो मागितला तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या पुतण्याने आधी मुलाचा फोटो पुढे केला, आणि मुलाचे आडनाव उच्चारताना त्याचा आवाज बदलला. मी त्यांना सांगितले की मुलगी सज्ञान आहे; मी तिला शोधेन, तिला भेटेन, आईचा निरोप देईन, आणि तिने होकार दिला तरच पत्ता तुम्हाला कळेल. तसे लेखी द्यायलाही मी तयार होते. गृहस्थ विचारात पडले, पुतण्या उठून उभा राहिला. काम मिळाले नाही. त्यांना दुसरा कोणी मिळाला का, हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि वर्तमानपत्रात तशी बातमी दिसली की मी आधी गावाचे नाव वाचते. हरवलेल्या सज्ञान माणसाच्या बाबतीत तेव्हापासून माझी अट तीच आहे. घर सोडून गेलेल्या बायकोला शोधणाऱ्या नवऱ्यालाही तीच, आणि चिडून उठून जाणाऱ्यांत अशा नवऱ्यांचा भरणा मोठा आहे.

शिक्षणाचे थोडक्यात सांगते. पदवी पूर्ण कर. त्यानंतर तीन वर्षांचे विधी शिक्षण घेतलेस तर उत्तम, पण वकिलीची सनद घेऊन शेजारी एजन्सी चालवता येणार नाही, हे आधी समजून घे. न्यायवैद्यक विज्ञानाच्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण त्या तुला गुप्तहेर करण्यासाठी नाहीत. सातबारा वाचायला शीक, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शीक, दहा रुपये आणि तीस दिवसांत काय काय मिळते ते पाहा. पहिली दोन वर्षे एखाद्या पडताळणी करणाऱ्या कंपनीत किंवा विमा दाव्यांच्या कामावर काढ. पगार कमी असतो आणि एसटीचा प्रवास फार असतो. पैशांबाबत तुझ्या आईची काळजी खोटी नाही, हे तिला सांगायला हरकत नाही.

आता एक काम देते. एखाद्या रविवारी स्वारगेटच्या एसटी स्थानकावर दोन तास बस. कोणाच्या मागे जायचे नाही, कोणाचा फोटो काढायचा नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार आणि लिही. दिवाळीनंतर ते पान घेऊन माझ्याकडे ये. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त भरली असेल तर येऊ नकोस, पुढच्या रविवारी पुन्हा बस. सकाळी अकराच्या आत आलीस तर मी घरी असते, आणि आईलाही घेऊन ये.

तुझी
मावशी