वाचकांचे प्रश्न : छोटे कॉलेज आणि एनएफएलचा दरवाजा

प्रश्न : माझा मुलगा मिनेसोटात एका लहान कॉलेजात शिकतो. त्याचा खोलीतला जोडीदार तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघात आघाडीच्या फळीत खेळतो आणि एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये आपली निवड होईल, असे त्याला मनापासून वाटते. कॉलेज ‘डिव्हिजन थ्री’ गटातले आहे. ही आशा कितपत खरी आहे? आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलावच असतो का?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : लिलाव नव्हे. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. ३२ संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, साधारणपणे मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येते, आणि अशा सात फेऱ्यांत अडीचशेहून थोडे अधिक खेळाडू निवडले जातात. त्यांतले बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे असतात. डिव्हिजन थ्री हा कॉलेज क्रीडा संघटनेचा सर्वांत खालचा गट असून तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणजे आपल्या मुलाचा मित्र अभ्यास सांभाळून हौसेने खेळणाऱ्यांमध्ये मोडतो. तरीही त्याची आशा वेडी म्हणता येणार नाही, कारण नेमक्या त्याच्याच जागेवर खेळणारे दोघे याच गटातून वर गेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट कॉलेजच्या अली मार्पेटला २०१५ मध्ये टॅम्पा बे संघाने दुसऱ्या फेरीत, एकूण ६१ वा निवडले. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा क्विन माइनर्झ २०२१ मध्ये डेन्व्हरकडून तिसऱ्या फेरीत ९८ वा निवडला गेला.

छोट्या कॉलेजातला मुलगा चांगला खेळतो की नाही, याविषयी निवडकर्त्यांना फारशी शंका नसते. तो कोणासमोर चांगला खेळतो, हा त्यांचा प्रश्न असतो. नेहरू स्टेडियमवर क्लबच्या सामन्यांत शतकांमागून शतके काढणाऱ्या मुलाबद्दल रणजी निवड समितीतले जाणते लोक ‘गोलंदाज कोण होते?’ एवढेच विचारतील, तसेच हे आहे. म्हणून अशा खेळाडूने आपल्या गटात नुसते सरस असून भागत नाही, त्याने समोरच्याला अक्षरशः आडवे करावे लागते, आणि त्यानंतर बरोबरीच्यांसमोर उभे राहण्याची एखादी संधी मिळवावी लागते. माइनर्झचा तर शेवटचा हंगामच कोविडमुळे रद्द झाला होता. त्याने कॅनडातल्या जंगलात झाडांना रेटे देत सराव केला आणि अलाबामातल्या मोबिल शहरात भरणाऱ्या ‘सीनियर बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सरावसत्रांत मोठ्या विद्यापीठांच्या धिप्पाड गड्यांना थोपवून दाखवले. माझ्या मते त्या काही दिवसांनी त्याच्यासाठी जे केले, ते चार वर्षांच्या चित्रफितींना जमले नसते.

कूपर कपची गोष्ट याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. तो चेंडू झेलणाऱ्या जागेवरचा (रिसीव्हर) खेळाडू, ईस्टर्न वॉशिंग्टनचा, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवरच्या कॉलेजाचा. त्याला बरोबरीच्यांची वाट पाहावी लागली नाही, कारण अशी कॉलेजे अधूनमधून बड्या विद्यापीठांशी खेळतात. २०१५ मध्ये ओरेगनविरुद्ध त्याने १५ झेलांत २४६ यार्ड मिळवले. तरीही ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या चाचणीत ४० यार्ड धावायला त्याला ४.६२ सेकंद लागले, आणि त्या जागेवरच्या खेळाडूसाठी हा वेग कमीच मानला जातो. शेवटी २०१७ मध्ये तो तिसऱ्या फेरीत ६९ वा निवडला गेला. पुढे २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो पहिला आला आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही ठरला. घड्याळाने सांगितलेले खोटे नव्हते. घड्याळाला विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

निवड झालीच नाही, तर दार बंद होते असेही नाही. न निवडलेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकतो. आपल्या मुलाच्या मित्राला मिनेसोटातलेच उदाहरण सांगावे : मॅन्केटोच्या डिव्हिजन टू कॉलेजातला ॲडम थीलेन २०१३ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, मिनेसोटा व्हायकिंग्जच्या नवोदितांच्या शिबिरात चाचणी देऊन तो आत शिरला, पहिले वर्ष सराव-संघात काढले आणि पुढे दोनदा प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत, पोहोचला. मात्र पदवी पुरी करायला त्या मुलाला अवश्य सांगावे. (हे आपण आईच्या नात्याने आधीच सांगितले असेल.)

प्रश्न : अमेरिकेत खेळाडूंना आता कॉलेज सहज बदलता येते, असे वाचले. छोट्या कॉलेजांतून ड्राफ्टमध्ये जाणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होतो?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : मोठा परिणाम होतो. २०१८ मध्ये कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले, २०२१ पासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अट शिथिल झाली आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभाही मिळाली. त्यामुळे छोट्या कॉलेजात चमकलेला मुलगा दोन वर्षांत बड्या विद्यापीठाच्या जर्सीत दिसतो, आणि ड्राफ्टच्या यादीत त्याच्या नावापुढे नव्या विद्यापीठाचे नाव लागते. ज्या प्रशिक्षकाने त्याला घडवले, त्याच्या वाट्याला पुन्हा नवा कोवळा गडी येतो. काही जण तरीही छोट्या कॉलेजाच्या नावानेच निवडले जातात : नॉर्थ डकोटा स्टेटचा ग्रे झेबल २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत सिॲटलकडून १८ वा निवडला गेला, आणि त्याआधी तोही मोबिलच्या त्या मैदानावर उतरून गेला होता.