क्विझच्या रिपोर्टवरून मुलांना किती समजलं ते खरंच कळतं का? कोणतं ॲप चांगलं?

ॲपचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: “वर्गाचा रिपोर्ट 85 टक्क्यांच्या वर आला की पुढचा धडा घ्यायला हरकत नाही ना?” हरकत आहे. याच वाक्यावरून माझं एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी वर्षभर वाजत होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सहावीला दशांश अपूर्णांक शिकवत होते. 42 मुलं, प्रत्येकाकडे टॅब. तास संपता संपता प्रश्न टाकला: 0.35 आणि 0.8 यांत मोठी संख्या कोणती? 38 जणांनी 0.8 निवडलं. पडद्यावर हिरवा खांब पार वरपर्यंत गेला. मागे बसून तास बघणारे सर जाता जाता म्हणाले, “90 टक्के! झाला की धडा. उद्यापासून बेरीज-वजाबाकी घ्या.” मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुपारी वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीने चढता क्रम असा लावला होता: 0.47, 0.86, 0.3. कुठे खाडाखोड नाही, अक्षर सुरेख. घाईत चुकलेलं पान असं दिसत नाही. आणि ही मुलगी सकाळच्या 38 जणांतली! जवळ बोलावून विचारलं, तर तिने मलाच समजावलं, “बाई, दशांश म्हणजे मोठा तुकडा, शतांश म्हणजे बारीक तुकडा. म्हणून शतांशाची संख्या लहान.” मी शिकवलेलंच ती सांगत होती. तुकडे किती आहेत ते मोजायचं तेवढं राहून गेलं होतं. हा चुकीचा नियम 0.35 आणि 0.8 ला लावला तरी उत्तर बरोबरच येतं. म्हणजे माझा प्रश्नच फसवा होता.

दुसऱ्या दिवशी उलटा प्रश्न दिला: 0.86 की 0.3? 31 बरोबर, 11 चूक, आणि ते अकराच्या अकरा जण आदल्या दिवशी बरोबर आलेले. आदल्या दिवशी चुकलेले चौघे मात्र आज बरोबर, कारण त्यांचा नियम निराळा होता: टिंब विसरायचं आणि 86 मोठे की 3 मोठे ते बघायचं. दोन्ही दिवशी बरोबर असलेले फक्त 27 उरले. 15 मुलांचा पाया कच्चा. सरांना दाखवलं तर म्हणाले, “दोन दिवसांची सरासरी 82 आहे, थांबायची गरज नाही.” मी थांबले. 100 चौकोनांच्या कागदावर 86 चौकोन रंगवायचे, शेजारच्या कागदावर 0.3 साठी 30, असं दोन दिवस करून घेतलं. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून बोलणीही खाल्ली. आजही तेच करेन.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की रिपोर्टवरून कळतं, पण प्रश्न नीट काढला असेल तरच. चुकीच्या प्रत्येक पर्यायामागे मुलं खरोखर करतात अशी एक चूक असली पाहिजे. भरीला घातलेले पर्याय काही सांगत नाहीत, आणि चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा बरोबर येतंच. एकाच कल्पनेवर दोन उलटसुलट प्रश्न घ्या आणि खाली “का?” म्हणून एक ओळ लिहायला लावा. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात ती सोय उजळणीच्या खेळापुरती ठीक आहे. समजलं का हे बघायचं असेल तेव्हा बंद करा. विचार करणारं मूल तिथे मागे पडतं आणि पुढच्या वेळी विचार करायचं सोडून देतं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर 1990 च्या दशकापासून हेच वेगळ्या रीतीने करत आलेत. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये आली तर शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं आणि मग पुन्हा उत्तर नोंदवायचं. आकडा बघून पुढे काय करायचं ते ठरवायचं, याला मी वापर म्हणते. सरांचा आकडा फळ्यावर लावण्यापुरता होता.

आता ॲप. प्रत्येकाकडे उपकरण नसेल तर प्लिकर्स बघा. मुलं कागदी कार्ड हवं त्या बाजूने फिरवून धरतात आणि तुमचा फोन कॅमेऱ्याने उत्तरं टिपतो. प्रत्येकाच्या कार्डावरची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. उपकरणं असतील तर गूगल फॉर्म्स पुरे. त्यात गुण लगेच न दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा.

एक मात्र आहे: 42 जणांच्या “का?” वाचायला वेळ लागतो. रोज जमणार नाही. मी आठवड्यातून एकदा घेते, नवी कल्पना शिकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि टॅब नकोत असं माझं म्हणणं सरांसमोरही कधी नव्हतं. ते अकरा जण टॅबमुळेच मला पाच मिनिटांत सापडले.