काकांचं घर फुकट असलं तरी बदलापूर नको

पत्र: आम्ही सांगलीत मारुती चौकाजवळ राहतो. २०१९ ला आठवडाभर घरात पाणी होतं, दुकानातला माल गेला. मुलीला सीईटीत चांगले मार्क आहेत. माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) फूड इंजिनीअरिंग मिळेल असं दिसतंय, आणि इथे वालचंदला मेकॅनिकल. तिला माटुंगाच हवंय. महिन्याला पंधरा हजार कसेबसे देऊ शकतो. धाकटे दीर बदलापूरला असतात, ते म्हणतात आमच्याकडे राहू दे, पैसे नकोत. सासूबाई म्हणतात, पोर पुरातून काढून समुद्रात सोडायची का? काय करावं? (एक आई, सांगली)

ताई, नमस्कार.

सासूबाईंचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. ज्या बाईनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर पाहिलेत, तिची भीती खरी आहे. त्या भीतीला उत्तर देणार आहेच, पण आधी शिक्षणाचं बोलू.

वालचंद कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. १९४७ पासूनचं कॉलेज, घराजवळ, खर्च बेताचा. मुलगी गोंधळलेली असती, "काहीतरी इंजिनीअरिंग" म्हणत असती, तर मी डोळे मिटून तिला सांगलीतच ठेवायला सांगितलं असतं. पण तुमच्या पत्रासोबत तिनं स्वतःच्या अक्षरात दोन पानं जोडली आहेत. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर मावशीकडे गेल्यावर तिनं द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवताना पाहिली आणि एकाच बागेतला काही बेदाणा हिरवा, काही काळपट का होतो हे ती तिथल्या माणसांना विचारत बसली. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, २००५ च्या पुरात गेली, मग आता हळद तशी का टिकत नाही, हेही तिला जाणून घ्यायचंय. बारावीच्या मुलीला असे प्रश्न पडतात ही साधी गोष्ट नाही. यांची उत्तरं मेकॅनिकलमध्ये मिळणार नाहीत. आयसीटी म्हणजे जुनी यूडीसीटी, मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, १९३३ ची. रसायन आणि अन्नप्रक्रियेतली तिथली परंपरा मोठी आहे. सीट मिळाली तर तिला जाऊ द्या.

आता पाणी. कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलाला किती फूट झालं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे तुमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. सामान माळ्यावर चढवायला वेळ मिळतो. पण आलेलं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. मुंबईचं याच्या अगदी उलट. सकाळी रस्ता कोरडा, दुपारी गुडघाभर पाणी, आणि बहुतेक वेळा रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी रस्ता मोकळा. सात बेटांच्या मधली खाडी भरून केलेली जमीन, तिचा बराच भाग सखल. पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जायचं, पण मोठी भरती असली की समुद्रच नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढतो. मग दारं लावून पंपानं पाणी उपसावं लागतं. जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेले आहेत. आता तेवढा पाऊस कधीकधी पंधरा मिनिटांत पडतो.

आणि पाऊस सगळीकडे सारखाही पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा नाही. मी तेव्हा परळला नोकरीला होते, घर मुलुंडला. दुपारी गाड्या बंद झाल्याचं कळलं तरी मी निघाले, कारण घरी मुलगा एकटा होता. सायनपाशी पाणी छातीला लागलं. अनोळखी माणसांनी हात धरून साखळी केली होती, पुढचा माणूस पायानं मॅनहोल चाचपत ओरडून सांगायचा. ती रात्र मी एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर काढली, मुलगा शेजाऱ्यांकडे जेवून झोपला होता. माझ्या ऑफिसातले जे निघालेच नाहीत, ते टेबलांवर चादरी टाकून कोरडे झोपले. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला हेच सांगते, मुंबईत बहुतेक माणसं अडचणीत येतात ती घरी पोचायच्या धडपडीत.

म्हणून माझा विरोध बदलापूरला आहे. दिरांचं मन मोठं आहे, त्यांना दुखवू नका. पण हिशेब पाहा. बदलापूर ते दादर लोकलनंच सव्वा तास, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कॉलेज धरून एका बाजूला दोन तासांच्या आसपास. प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळच्या गर्दीत परत. रोजचे चार तास गेले की ज्या लॅबसाठी तिला पाठवायचं, तिथे थांबायला तिच्याकडे वेळच उरणार नाही. पावसात तर मध्य रेल्वे कुर्ला-सायनच्या पट्ट्यात सगळ्यात आधी अडते. आणि बदलापूरला स्वतःची नदी आहे, उल्हास. २७ जुलै २०१९ ला आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती ती याच नदीच्या पुरात. सांगलीत कुणाचं ना कुणाचं माणूस त्या गाडीत होतं, तुम्हाला आठवत असेलच. काकांचं घर रविवारच्या जेवणाला, आजारपणात, दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस राहायला. रोजचं बिऱ्हाड म्हणून नको.

तिनं कॉलेजपासून चालत जाता येईल अशा जागी राहावं. सगळ्यात चांगलं म्हणजे संस्थेचंच वसतिगृह. प्रवेश अर्ज भरतानाच विचारा, पहिल्या वर्षाच्या मुलींना किती जागा, यादी कधी लागते. ते मिळालं तर पंधरा हजारांत सगळं बसतं, थोडं शिल्लकही राहील. नाही मिळालं तर मात्र ओढाताण आहे. माटुंगा-दादर भागात पीजीत एका कॉटला दहा हजारांच्या खाली काही शोधणं कठीण, चांगल्या जागेला पंधरापर्यंतही जातात. त्यावर डबा, वरखर्च, आणि सुरुवातीला एकदम भरायचं डिपॉझिट. म्हणजे तुमचे पंधरा हजार कमी पडतील, वीस धरून चाला.

हे अंतर भरून कसं काढायचं? राज्य सरकारनं जुलै २०२४ पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलीय. प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला लागतो. माटुंग्याला ही माफी कशी लागू होते, फीच्या कोणत्या भागाला होते, हे प्रवेश कार्यालयातून लेखी घ्या. उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलला टाका, ऐन वेळी तिथे रांग असते. फी वाचली तर ती रक्कम कॉटकडे वळवता येईल. शासकीय मुलींच्या वसतिगृहांचा अर्जही भरून ठेवा. वालचंदची सीट सोडायची की नाही हे वसतिगृहाच्या आणि फीच्या उत्तरांवर ठरवा, आणि आपल्या राऊंडची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

खोली बघायला ऐन पावसातच जा. प्रवेशाची वेळ जुलै-ऑगस्टची आहे, ही सोयच समजा. डिसेंबरमध्ये प्रत्येक गल्ली चांगली दिसते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्यातली एखादी निवडा. खोटं सांगत नाही, कॉलेजच्या एका बाजूला हिंदमाता आहे आणि दुसऱ्या बाजूला किंग्ज सर्कल-गांधी मार्केट, दोन्ही पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध. म्हणून गल्लीगल्लीचा फरक बघायचा. दलालाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "२००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो हातानं दाखवेल. दुकानांचे उंबरे विनाकारण उंच बांधलेत का पाहा. जिन्याखालचं मीटर जमिनीपासून किती वर आहे, तळमजल्याच्या भिंतीला ओलीची आडवी रेघ आहे का, बघा. तुमच्या घरातली २०१९ ची रेघ अजून रंगाखालून दिसत असेल, तशीच ओळखायची. ही नजर मुंबईकरांपेक्षा तुम्हाला जास्त आहे, ताई. तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

लेकीला दोन गोष्टी माझ्याकडून सांगा. पाऊस वाढला की वर्गात, लॅबमध्ये, मैत्रिणीच्या खोलीत, जिथे असेल तिथेच थांबायचं, आणि तुम्ही फोनवर "लवकर घरी जा" म्हणायचं नाही. दुसरं, तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर पाय साबणानं धुवायचे आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं, विशेषतः पायाला जखम असेल तर. त्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, होतो. त्यावर आधीच घ्यायची गोळी असते, पण ती डॉक्टरनंच द्यायची.

येत्या आठवड्यात रात्रीची महालक्ष्मी पकडा, सकाळी दादरला उतरा. शक्य झालं तर सासूबाईंनाही न्या. वसतिगृहात मुलींना विचारू दे त्यांना काय विचारायचं ते. कार्यालयातून वसतिगृहाचं आणि फीचं काय उत्तर मिळालं ते कळवा, राऊंडच्या तारखेआधी चार दिवस तरी. मग उरलेला हिशेब आपण फोनवर बसून करू.