सही करण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

बँकेच्या परीक्षा सोडून तू गाणाऱ्यांची कामं बघणार, हे ऐकल्यापासून तुझे बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. जणू मीच फूस लावली! असो. बडोद्यात राहून हे काम छान शिकता येईल. सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली, पुढे फैयाज खाँसाहेब दरबारात होते. तेव्हा कलाकाराची काळजी राजा वाहायचा. आता समोर आयोजक, लेबल म्हणजे गाणी काढणारी कंपनी, आणि ॲप. प्रत्येकजण आपलं बघतो. कलाकाराचं बघणारा तू.

नवरात्राच्या नऊ रात्रींवर गरबा गाणाऱ्याचं वर्ष निघतं, म्हणून नवा मॅनेजर बिदागीची घासाघीस हेच आपलं काम समजतो. ते कर, निम्मी रक्कम सही करताना, उरलेली पहिल्या रात्रीच्या आधी. नवमीनंतर आयोजकाचा फोन लागत नाही. लाउडस्पीकर रात्री १० पर्यंतच. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. लोक 'अजून एक' म्हणून ओरडले आणि वेळ उलटली, तर जबाबदारी कुणाची, हेही कागदावर असू दे. तुझी टक्केवारी १५ ते २० चालते, पण साथीदारांचे आणि प्रवासाचे पैसे वजा जाता उरेल त्यावर घे. तबलेवाल्याच्या पैशातून मॅनेजरनं खाऊ नये.

आता तुझा खरा प्रश्न. तुझ्या मैत्रिणीला लेबलनं तीन गाण्यांचे एकरकमी पैसे देऊ केलेत, आणि 'कायमचे, जगभरातले सर्व हक्क' मागितलेत. घाई नको. चाल आणि शब्द तिचेच आहेत ना? मग कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला निम्मा वाटा कराराने काढून घेता येत नाही. तिला आयपीआरएसची, म्हणजे कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद कर. गायिका म्हणून इसाम्रा, ही गायक-वादकांची संस्था, वेगळी. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ तर पाठ कर: मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच लेबलं 'कायमचे, जगभर' हे शब्द न विसरता घालतात. तू मुदत खाली आण, आणि वर्षभरात गाणं बाहेर आलं नाही तर हक्क परत, हे वाक्य घाल. रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं चालतो. आज २४ वर्षांची मुलगी ८४ ची होईल तोवर.

पारंपरिक गरब्यांत आणखी एक गोम आहे. शब्द-चाल कुणाच्याच मालकीची नसते, पण एखाद्या कंपनीनं केलेलं रेकॉर्डिंग तिचं असतं. मग आपल्या गायकानं मैदानात गायलेल्या त्याच गरब्याचा व्हिडिओ टाकला, की यूट्यूबची यंत्रणा सूर जुळले म्हणून त्या कंपनीचा दावा लावते. गायक वैतागून व्हिडिओ काढून टाकतो. काढू द्यायचा नाही. ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवतात. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. लाइव्ह रेकॉर्डिंग आपलं, साथीदार कोण, तारीख कोणती, हे फोल्डरमध्ये तयार असेल तर हरकत दहा मिनिटांत लिहून होते.

ॲपच्या आकड्यांवर मात्र फार जीव लावू नकोस. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये भारतातून गेलं, विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये. त्यांच्यावरचे फॉलोअर कुठे न्यायचे? स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला २०२४ पासून रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. त्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीनं जमव.

रविवारी सकाळी दांडिया बाजारात ये, कराराची छापील प्रत आणि मैत्रीण दोघांना घेऊन. लेबलला तोवर एवढंच कळव, की वकील वाचतायत. वकील मी शोधतो, फी मात्र आधीच विचारून ठेव.

तुझा,
काका