अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या गोळीबारावर एवढी चर्चा होते, मग शिकागोतल्या रोजच्या गोळीबारावर कृष्णवर्णीय गप्प का?

गप्प नाहीत हो. वर्षानुवर्षं बोलताहेत, आपल्यापर्यंत पोचत नाही इतकंच. शिकागोच्या दक्षिण भागातल्या सेंट सबिना चर्चमधून हिंसेविरुद्ध मोर्चे निघतात. मारल्या गेलेल्या मुलांचे फोटो घेऊन आया त्यात चालतात. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये सुरू केलेलं काम तर मला फार मोलाचं वाटतं. वस्तीतलीच माणसं, काही तुरुंगातून सुटलेली, गोळी लागलेल्या पोराच्या खाटेशी जाऊन बसतात आणि त्याच्या भावाला, मित्रांना सूड घेण्यापासून परावृत्त करतात.

बफेलोची गोष्ट वेगळी. १४ मे २०२२ रोजी १८ वर्षांचा गोरा तरुण तीन तासांहून जास्त गाडी चालवत तिथल्या सुपरमार्केटमध्ये आला आणि त्यानं १० कृष्णवर्णीयांना ठार केलं. कृष्णवर्णीयांची दाट वस्ती म्हणूनच त्यानं ती जागा निवडली होती.

‘शिकागोचं काय?’ म्हणत हा विषय गुंडाळणं मला अजिबात पटत नाही. शिकागोतही बळी जाणारे बहुतेक कृष्णवर्णीयच आहेत. आणि शहराच्या २०१७ च्या अहवालानुसार तिथं जप्त होणाऱ्या निम्म्याहून जास्त बंदुका बाहेरच्या राज्यांतून येतात, सगळ्यात जास्त शेजारच्या इंडियानातून.